ओळखपत्र नसलेल्या तस्करीपीडितांचा विमानप्रवास : कार्यकर्त्यांसाठी माहिती

केडगावहून विमानतळ तसे लांब नाहीत. शिर्डीचा विमानतळ काकडीला, पुण्याचा लोहगावला, छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाण्याला. गाडी केली तर तिन्ही दोन-तीन तासांच्या टप्प्यात. तिकिटाचे पैसेही हल्ली वर्गणीतून उभे राहतात. गाडे अडते ते विमानतळाच्या दारात. तिथला जवान दोनच गोष्टी मागतो, तिकीट आणि फोटोचे ओळखपत्र. कुंटणखान्यातून, वीटभट्टीवरून किंवा कुणाच्या बंद घरातून सुटून आलेल्या बाईकडे दुसरी गोष्ट बहुतेक वेळा नसते.

नसते, कारण ती काढून घेतलेली असते. माणूस ताब्यात ठेवायचा तर दलाल आधी त्याचे कागद आणि फोन ताब्यात घेतो, कुलूप नंतर येते. काहींकडे मुळात कागदच नव्हते. दवाखान्याबाहेर जन्म, शाळा दुसरी-तिसरीत सुटलेली, आईबाप ऊसतोडीला नाहीतर भट्टीवर. भटक्या-विमुक्त आणि आदिवासी वस्त्यांत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. २०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला आणल्याचे उघड झाले, तेव्हा ‘तस्करी’ हा शब्द फक्त लाल दिव्याच्या वस्तीपुरता नाही हे आपल्या जिल्ह्याने पाहिले. म्हणून या लेखात पीडित म्हणजे वेश्याव्यवसायात ढकललेली स्त्री, वेठबिगारीतला मजूर, कामाला विकलेले मूल आणि परदेशात अडकलेला तरुण, असे सगळेच धरले आहेत.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना थेट मनाई करते. मूलभूत हक्कांपैकी बरेचसे हक्क सरकारला बांधतात, हे कलम मात्र खासगी माणसालाही बांधते. भारतीय दंड संहितेतील कलम ३७० च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे १४३ आणि १४४ आली. वेश्याव्यवसायाबाबत १९५६ चा कायदा आहे, ज्याला पोलीस ठाण्यात सगळे ‘पिटा’ म्हणतात. आणि धम्माच्या अंगाने पाहिले तर तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांमध्ये शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्यासोबत ‘सत्त वणिज्जा’, म्हणजे सजीवांचा, माणसांचा व्यापार आहेच. आपल्या विहारांत पंचशील रोज घेतले जाते, या पाच व्यापारांवर बोलणे मात्र क्वचित होते.

कामाठीपुरा, १९९६

कागद नसले की सुटका झालेली बाईसुद्धा कशी अडकून पडते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण १९९६ चे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर पोलिसांनी मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि ४०० हून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. त्यांना सरकारी वसतिगृहांत ठेवले गेले. पुढे त्यांना घरी पाठवायचे म्हटल्यावर प्रश्न आला की या नेपाळच्या आहेत याचा पुरावा काय? नागरिकत्वाचा कागद कुणाकडेच नव्हता. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार नव्हते, त्यात एचआयव्हीची भीतीही होती. महिने गेले. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि शंभराहून अधिक मुली मायदेशी पोहोचल्या.

त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना सुरू केली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली संघटना. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले, कारण नोंदणीसाठीही नागरिकत्वाचे प्रमाणपत्र लागत होते आणि ते मिळवायला घरातल्या पुरुषाची सही. संस्थापकांपैकी चरिमाया तामांग सिंधुपाल्चोकच्या. तामांग समाज बहुसंख्येने बौद्ध आहे, हे आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. मुंबईच्या बाजारात विकल्या गेलेल्या या मुलींमध्ये बुद्धाला मानणाऱ्या घरांतल्या मुली बऱ्याच होत्या. चरिमाया यांनी मायदेशी परतल्यावर स्वतःला विकणाऱ्यांविरुद्ध खटला भरला आणि आरोपींना शिक्षा झाली. शक्ती समूहाला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एवढ्या तपशिलात गेलो त्याला कारण आहे. त्या काळात अडलेली गोष्ट सुटकेची नव्हती, पैशांचीही नव्हती, कागदाची होती. आजही प्रकरण तिथेच येऊन थांबते.

देशातल्या देशात : कोणता कागद चालतो

विमानतळात शिरण्यासाठी कोणती ओळखपत्रे चालतात हे नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्युरोने ही यादी स्पष्ट केली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाइलवरचे एम-आधार, पॅन कार्ड, वाहन परवाना, नोकरीचे सेवा ओळखपत्र, विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे साक्षांकित फोटो असलेले पासबुक, फोटोचे पेन्शन कार्ड, दिव्यांग ओळखपत्र, यांपैकी कोणतेही एक पुरते. मूळ प्रत लागते, झेरॉक्सवर काम होत नाही. आईवडिलांसोबत जाणाऱ्या लहान मुलाला वेगळे ओळखपत्र लागत नाही, पण संस्थेच्या कार्यकर्त्यासोबत जाणाऱ्या मुलाला ही सूट लागू होत नाही. यादीत बदल होऊ शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडे खात्री करून घ्यावी.

आपल्या कामाची तरतूद या यादीच्या खाली आहे आणि बहुतेक कार्यकर्त्यांना ती माहीतच नसते. योग्य कारणामुळे ज्याच्याकडे यांपैकी एकही ओळखपत्र नाही, अशा प्रवाशाला केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट-अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयाच्या लेटरहेडवर दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. त्यावर प्रवाशाचा फोटो हवा, फोटो साक्षांकित हवा, तारीख हवी, अधिकाऱ्याचे नाव आणि पदनाम हवे.

इथे नेहमी होणारी गफलत गटाची असते. अधिकारी राजपत्रित आहे एवढे पुरत नाही. नायब तहसीलदार राजपत्रित असतात, पण गट-ब मध्ये. तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे जावे. नगरसेवकाचे, सरपंचाचे किंवा संस्थेच्या अध्यक्षाचे पत्र या कामासाठी चालत नाही, कितीही मोठा शिक्का असला तरी. अधिकाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच असे पत्र मागितले जात असेल तर तो बिचकतो, साहजिक आहे. ‘मी हिला ओळखत नाही, सही कशी करू?’ असे तो विचारतो. त्याच्यासमोर दंडाधिकाऱ्याचा आदेश, निवारागृहाच्या अधीक्षकांचे पत्र आणि नोंदवहीतील प्रवेशाचा उतारा ठेवला की त्याला पाय टेकायला जमीन मिळते. पत्राचा मसुदा आपणच टाइप करून न्यावा. तोंडी विनंती केली की पुढच्या आठवड्यात या, असेच ऐकायला मिळते.

पत्रात काय लिहू नये हे जास्त महत्त्वाचे. ‘पीडिता’, ‘वेश्याव्यवसायातून सुटका’, गुन्हा क्रमांक, यातले काहीही नको. ते पत्र विमानतळावर चार अनोळखी हातांतून जाते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पोक्सो आणि बालन्याय कायद्यातही तशीच बंदी आहे. ‘सदर व्यक्तीची ओळखपत्रे हरवली असून ती या कार्यालयास ज्ञात आहे’, एवढ्या आशयावर भागते.

आधी आधार शोधा, मग नवे काढा

अनेक जणींचे आधार गावी असताना कधीतरी निघालेले असते, फक्त नंबर आठवत नाही आणि जोडलेला मोबाइल दलालाकडे राहिलेला असतो. अशा वेळी कार्यकर्ते घाईने नवी नोंदणी करून येतात आणि काही आठवड्यांनी ती फेटाळली जाते, कारण बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आधीच्या आधारशी जुळते. त्यापेक्षा आधार सेवा केंद्रात जाऊन ठशांवरून जुने आधार शोधायला सांगावे. सापडले तर त्याच दिवशी छापील प्रत मिळते आणि गट-अ अधिकाऱ्यामागे धावावे लागत नाही.

आधार कधीच निघाले नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाचे प्रमुख आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र देऊ शकतात. ते दिल्यापासून तीन महिने चालते. पण अठरा वर्षांवरील व्यक्तीची पहिलीच नोंदणी असेल तर राज्य सरकारमार्फत पडताळणी होते आणि त्यात महिने जाऊ शकतात. प्रवास पुढच्या आठवड्यात असेल तर आधारच्या भरवशावर तिकीट काढू नये. नोंदणी मात्र सुरू करून द्यावी, तिला पुढे रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे लागणार आहे.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी एक वेगळा रस्ता आहे. बुद्धदेव कर्मसकर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशानुसार, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतील राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक यांच्या नमुना प्रमाणपत्रावर, राहण्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता, आधार द्यायचे आहे. ही स्त्री कोणत्या व्यवसायात होती हे त्यातून कुठेही फुटता कामा नये, असेही न्यायालयाने बजावले. जिल्ह्यात एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांना ही प्रक्रिया माहीत असते. नगरमध्ये १९८९ पासून काम करणाऱ्या स्नेहालयासारख्या संस्थेचा अनुभव आपल्या जवळ आहे, तो मागायला लाजू नये.

बँकेचा पर्यायही विसरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कोणतेही अधिकृत कागद नसलेल्या व्यक्तीला ‘छोटे खाते’ उघडता येते. फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. खात्यावर शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंतच ठेवता येते, वगैरे मर्यादा आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेने त्या पासबुकावर फोटो लावून साक्षांकित करून दिला, तर ते वरच्या यादीत बसते. नुकसानभरपाई जमा व्हायलाही खाते लागतेच.

सर्वांत किचकट प्रकरण खोट्या आधारचे. अल्पवयीन मुलीला सज्ञान दाखवण्यासाठी दुसऱ्या नावाने, वाढीव वयाने कार्ड काढून ठेवल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. ते कार्ड हातात आले की दोन मोह होतात. एक, त्यावरच तिकीट काढून मोकळे व्हावे. दोन, लगेच दुरुस्त करून घ्यावे. दोन्ही टाळावेत. ते कार्ड तस्कराविरुद्धचा पुरावा आहे. आधी तपास अधिकाऱ्याकडे लेखी कळवावे, पंचनाम्यात येऊ द्यावे, मगच दुरुस्तीला जावे. आधारमध्ये नाव दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून दुरुस्ती करताना शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद हाताशी हवी.

तिला जायचे आहे का?

हा प्रश्न तिकिटाच्या आधी यायला हवा आणि तो बंद खोलीत, दलालाच्या, नातेवाइकांच्या किंवा पोलिसांच्या गैरहजेरीत विचारायला हवा. कित्येक प्रकरणांत विकणारा घरचाच असतो. पिटा कायद्याखाली दंडाधिकारी परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत किंवा संस्थेमार्फत घरची चौकशी करून घेतात. तो अहवाल आल्याशिवाय घाई करणे म्हणजे तिला त्याच माणसाच्या हातात परत देणे. उलट, सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध निवारागृहात डांबून ठेवणेही चूक. २०२२ च्या वरील आदेशात न्यायालयाने अशा स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेऊन त्यांना सोडण्यास सांगितले आहे. मूल असेल तर निर्णय बालकल्याण समितीचा. बालन्याय कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे समिती मुलाच्या मूळ जिल्ह्यातील समितीशी बोलून त्याला तिकडे पाठवण्याचा आदेश देते, आणि मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस असावी लागते.

विमानच हवे का, हेही विचारावे. आम्हाला वाटते की कार्यकर्ते कधीकधी हौसेने विमान निवडतात. रेल्वेच्या आरक्षित डब्यात एका तिकिटावर जेवढे प्रवासी असतात त्यांपैकी एकाने ओळखपत्र दाखवले तरी चालते. म्हणजे कार्यकर्ती आणि ती बाई एकाच तिकिटावर असतील तर तिच्याकडे काहीही नसले तरी प्रवास होतो. बंगालकडे जायचे तर पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेस आपल्या नगर स्टेशनवरूनच जाते. पण गाडीत दीड दिवस काढायचा, शेकडो लोक चढ-उतार करणार, आणि दलालाची माणसे स्टेशनवर उभी राहू शकतात. बाई आजारी असेल, गरोदर असेल, धमक्या येत असतील किंवा ईशान्येकडे जायचे असेल तर विमानाचा खर्च योग्यच आहे. साक्षीसाठी वारंवार यावे लागणार असेल तरीही. अर्थात साक्ष व्हिडिओद्वारे देता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे आणि तस्करीतील बालसाक्षीदारांची साक्ष त्यांच्याच जिल्ह्यातून घेण्याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लागू केली. सरकारी वकिलांना त्यासाठी अर्ज करायला सांगावे. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, तिथे तस्करीपीडितांसाठी २०१५ ची स्वतंत्र योजना आहे.

सीमेपलीकडच्या बाया

बांगलादेशी स्त्रीच्या बाबतीत गट-अ अधिकाऱ्याचे पत्र उपयोगाचे नाही. तिच्या देशाच्या दूतावासाकडून किंवा मुंबईतील उप-उच्चायुक्तालयाकडून प्रवास परवाना लागतो आणि त्याआधी तिकडे तिच्या घराची पडताळणी होते. हे महिनोन् महिने चालते. दोन्ही देशांमध्ये जून २०१५ मध्ये तस्करी रोखण्याबाबत करार झाला आहे. त्याहून कामाचे आहे ते केंद्रीय गृह मंत्रालयाचे १ मे २०१२ चे सूचनापत्र. तपासात स्त्री किंवा मूल तस्करीचा बळी असल्याचे दिसले तर केवळ कागद नाहीत म्हणून परकीय नागरिक कायद्याखाली आरोपी करू नये, असे त्यात आहे. त्याची प्रत पोलीस ठाण्यात पहिल्याच दिवशी दाखवावी. सध्याच्या वातावरणात तर नक्कीच, कारण ‘बांगलादेशी’ हा शब्द उच्चारला की पीडितेची आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

नेपाळी स्त्री रस्त्याने सीमा ओलांडून जाऊ शकते, त्यासाठी पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नाही. विमानाने मात्र पासपोर्ट, नागरिकत्व प्रमाणपत्र किंवा मतदार ओळखपत्र हवे. यातले काहीच नसेल तर नेपाळचा भारतातील दूतावास मर्यादित मुदतीचे फोटो ओळखपत्र देऊ शकतो. १९९६ मध्ये ज्या कागदावाचून मुली अडल्या, तो मिळवण्याचा रस्ता आज निदान लिहून ठेवलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी करारनाम्याचे आठवे कलमही हेच सांगते की कागद नसलेल्या पीडिताला प्रवासाची कागदपत्रे देणे हे त्याच्या मूळ देशाचे काम आहे. भारताने तो करारनामा २०११ मध्ये मान्य केला.

आणि आपली पोरे

आता हा प्रश्न उलट्या दिशेनेही येतो. आखातात घरकामाला गेलेल्या बाईचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, किंवा थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून गेलेल्या मुलाला सीमा पार करून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यात नेले, अशी प्रकरणे वाढली आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या मे सोत येथून परत आणले. शिकलेली, इंग्रजी येणारी, नोकरी नसलेली मुले या एजंटांना हवी असतात. आपल्या वस्त्यांत अशी मुले किती आहेत हे वेगळे सांगायला नको.

परदेशात पासपोर्ट नसेल तर भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात परत येण्याच्या एका प्रवासापुरते असते. घरच्यांनी इकडून पासपोर्टची झेरॉक्स, आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला पाठवला तर पडताळणी लवकर होते. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टची झेरॉक्स घरात ठेवायला सांगणे, ही विहारातल्या एका रविवारची गोष्ट आहे. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर करता येते. तिकिटाला पैसे नसतील तर दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च होऊ शकतो. दलालांना लाखो रुपये देणाऱ्या कुटुंबांना या निधीचे नावही माहीत नसते.

प्रवासाच्या दिवशी

तिकिटावरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. कुंटणखान्यातले नाव, गावचे नाव आणि एफआयआरमधले नाव अशी तीन नावे असतात. तिकीट ओळखपत्राच्या नावाने काढावे. दोन-तीन दिवस आधी विमान कंपनीच्या विमानतळावरील व्यवस्थापकाला आणि विमानतळाच्या सुरक्षा प्रमुखाला पत्राची प्रत देऊन ठेवली की दारात वाद होत नाही. डिजी यात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जाण्याची सोय, ऐच्छिक आहे. कुणी आग्रह केला तरी नाही म्हणता येते.

तपासणीला स्त्री जवान पडद्याआड अंगझडती घेते. हे बाईला आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या क्षणी ती घाबरून गोठते आणि जवानाला संशय येतो. सोबत जाणारी कार्यकर्ती स्त्री असावी आणि तिने आपले ओळखपत्र, संस्थेचे पत्र आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जवळ ठेवावी, पण मागितल्याशिवाय आदेश दाखवू नये. खिडकीची जागा हवी की नको, हे बाईलाच विचारावे. आकाशात पहिल्यांदा जाताना कुणाला खाली पाहावेसे वाटते, कुणाला नाही.

उतरल्यावर तिला घ्यायला तिकडची संस्था, सखी केंद्र किंवा शक्ती सदनचे कुणी आले आहे याची खात्री विमानात बसण्यापूर्वी फोनवर करावी. नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून तिच्याकडे द्यावा. अडचण आली तर ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८. गट-अ अधिकाऱ्याच्या पत्राची मूळ प्रत तिच्याकडेच राहू द्यावी, आपल्या फाइलला झेरॉक्स लावावी. खटल्याच्या तारखेला परत यायचे असेल तर तिकडच्या तहसीलदाराला दाखवायला तिला तोच कागद लागेल.